पोटावरचा लोटा

माझी मोठी जाऊ जमिनीवरून उठताना हात टेकत नसे. मांडी घालून बसलेली असो की उताणी निजलेली, उठायचं मनात आलं की ती सरळ उठून उभी राही. कुणी हात पुढे केला तरी घेत नसे. "मले का लकवा मारला?" म्हणायची, आणि हात पुढे करणाराच ओशाळायचा. आम्हा बाकीच्या बायांचं उठणं म्हणजे एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर आणि तोंडात "अगं माय". माझं वय तेव्हा विशीच्या आतबाहेर, पण कण्हण्यात मी सासूलाही मागे टाकलं होतं.

दिसायला ती काही पैलवान नव्हती. काटकुळी, सावळी, दंड माझ्याहून बारीक. पण विहिरीवरून डोक्यावर गुंडावर गुंड, म्हणजे पितळी घागरी, घेऊन निघाली की पाणी डुचमळत नसे. वाटेत कुणाशी भांडण निघालंच, तर गुंड न उतरवता ती पुरतं भांडून घेई आणि मगच घरी येई. समोरची बाई हातवारे करून दमायची, ही आपली मान न हलवता बोलत उभी. मला ते बघायला फार आवडायचं. भांडण कशावरून होतं याच्याशी मला काही घेणंदेणं नसायचं.

आमचं गाव आमगावच्या बाजूचं. जमीन मालगुजाराची, कसणारे आम्ही, आणि पीक धानाचं. ज्याने धान फक्त ताटात पाहिलं त्याला रोवणा काय ते सांगावं लागेल. आधी एका वाफ्यात रोपं वाढवायची, त्याला आमच्याकडे परे म्हणतात. मग ते उपटून पेंड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, बायांनी ओळ धरून कमरेत वाकायचं आणि एकेक रोप चिखलात खोचत मागे मागे सरकायचं. सकाळी वाकलेली बाई दुपारच्या भाकरीला सरळ होते आणि परत वाकते ती दिवस बुडेपर्यंत. वरून पाऊस, खाली चिखल. पुरुष नांगर धरतात आणि मिशीला पीळ देतात, पण धान उभं राहतं ते बायांच्या कमरेवर. हे मी आमच्या घरातल्या पुरुषांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

त्यामुळे आमच्याकडे सून बघताना रंग-रूप नंतर, कंबर आधी. मी नवेगाव बांधाकडची. तिथेही धानच, म्हणून मला रोवणा नवा नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या रोवण्यात मी ओळीत सगळ्यांच्या पुढे निघून गेले तेव्हा सासू शेजारणीला म्हणाली, "आमची लहानी मशीन हाये." मी ते कितीतरी दिवस मनात घोळवलं. माझ्या पुढे त्या दिवशी एकच बाई होती, माझी जाऊ, आणि ती मागे वळून बघतसुद्धा नव्हती.

तिची गोष्ट घरात कुणी बोलत नसे, पण ती डोळ्यांसमोरच होती. माझे भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, त्यांची ती पहिली बायको. मूल होईना म्हणून त्यांनी दुसरी करून आणली. दुसरीला लेकरं झाली. पहिलीला कुणी घालवून दिलं नाही, कारण शेतात तिच्याएवढं काम कोण करणार? गोठ्याला लागून एक खोली होती, ती तिची झाली. सवतीची पोरं तिच्या अंगाखांद्यावर खेळत आणि तिला मोठी माय म्हणत. ती त्यांना दटावी आणि भाकरीवर गूळ घालून देई. मी सून म्हणून आले तेव्हा हे सगळं जुनं झालं होतं.

मग मला मुलगा झाला. दोन दिवस मी अडले होते, सुइणीने आशा सोडली होती म्हणतात. मी जगले, पोरगा जगला, पण पोट गेलं. माहेरी आईने रीतीप्रमाणे जुन्या लुगड्याची पट्टी फाडून पोट करकचून बांधलं. बाळंतिणीचं पोट सव्वा महिना बांधायचं असतं. मी सव्वा महिन्यानंतरही सोडलं नाही. सोडलं की वाटायचं सगळं खाली सांडतंय. उभं राहवत नसे. शिंक आली की लुगडं ओलं व्हायचं, हे कुणाला सांगणार? म्हणून रोज सकाळी उठले की आधी पट्टी, मग चूल. सगळ्याच बाया कामाला लागताना पदर कमरेला घट्ट आवळतात, त्यात माझी पट्टी खपून गेली.

त्या वर्षीच्या रोवण्यात मी पहिल्याच दिवशी पेंडी हातात घेऊन चिखलात बसले. वाकले ती वर येता येईना, म्हणून बसले. बाया हसल्या, मीही हसले. दुसऱ्या वर्षी पट्टी आणखी आवळली आणि अर्ध्या दिवसात घरी येऊन आडवी पडले. रोवणा चालू असताना धडधाकट सून घरात निजलेली, हे आमच्याकडे चोरी करण्यापेक्षा वाईट. त्या वेळी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना, कापड मिळेना, आणि दुसऱ्याच्या बांधीत राबायला बाया तर अजिबात मिळेनात. घरातली एक कंबर कमी म्हणजे एक बांधी पडीक, आणि बांधी पडीक राहिली तर मालगुजार ती दुसऱ्याला देणार. सासूचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. पण तिने जे केलं ते विसरलेही नाही. महाशिवरात्रीला आम्ही नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला गेलो, पोराचा नवस फेडायला. बैलगाडीतून उतरताना माझी कंबर धरली आणि मला दोघींनी उचलून खाली घेतलं. तिथे गोंदियाचे एक नातेवाईक भेटले, किराण्याचे व्यापारी, घरातही हिंदीच बोलणारे. ते म्हणाले, "बहू की कमर तो गई." सासू म्हणाली, "गेलीच." आणि मग तिथल्याच एका झाडाखाली बसून, मी ऐकून राहिले आहे हे माहीत असून, ती त्यांना म्हणाली, "यंदाच्या रोवण्यात उभी नाई राहिली त लहान्यालेही दुसरी करून आनू. तुमच्या पाहण्यात पोरगी हाये ना?"

त्यांच्या पाहण्यात पोरगी होती. असायचीच.

घरी आल्यावर मी ह्यांना विचारलं. हे विडी ओढत बसले होते. म्हणाले, "माय म्हनते ते का खोटं हाये?" एवढंच. ह्या माणसासाठी मी दोन दिवस मरणाच्या दारात पडून होते! मला राग आला नाही. जावेची ती गोठ्याशेजारची खोली डोळ्यांसमोर आली आणि मला कळलं की त्या खोलीच्या पलीकडे अजून एक खोली बांधायला जागा आहे.

चैतात मोहफुलं पडतात. पहाटे टोपल्या घेऊन बाया झाडाखाली जातात आणि वाकून एकेक फूल वेचतात. मी वाकू शकत नव्हते, म्हणून बूड टेकून सरकत सरकत वेचत होते. जाऊ माझ्या मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं आता टोमणा येणार. तिने माझ्या कमरेला हात लावला, आणि तो त्या टणक पट्टीला लागला असावा.

"हे का गुंडाळून ठेवलं तू?"

"पोट सांडल्यासारखं वाटते, बाई."

"पोरगा चालाले लागला आन तुही बाळंतपनाची पट्टी अजून सुटली नाई?" तिने तिथेच, झाडाखाली, माझ्या लुगड्यात हात घालून गाठ शोधली आणि सोडली. "तुही कंबर नाई गेली. पोट झोपलं तुहं. फडकं काम करून राहिलं, मंग पोट कायले करते?"

मी रडायला लागले. म्हणाले, "बाई, ते दुसरी आनून राहिले."

"माहीत हाये मले." ती परत वाकून फुलं वेचू लागली. वर न बघता म्हणाली, "माह्यावर आली तवा मले विचाराले कोनी आलं नोतं. तू उद्या पायटी माह्या खोलीत ये."

पायटी म्हणजे पहाटे, जात्यावर बसायच्या आधी. मी गेले. खोलीत काही नव्हतं. सारवलेली जमीन, एक खाट उभी करून ठेवलेली, आणि तिचा पितळी लोटा. तिने मला उताणं निजायला लावलं, गुडघे उभे, पाय जमिनीवर. लोट्यात पाणी घेतलं आणि तो माझ्या बेंबीवर ठेवला. म्हणाली, "आता दम सोड, आन सोडता सोडता लोटा पाठीकडे ने. हलला नाई पायजे."

मी म्हटलं, हे काय पोरखेळ. दम सोडला, पोट आत ओढलं, आणि लोटा कलंडून सगळं पाणी माझ्या अंगावर. ती हसली नाही. परत भरून आणला.

मला वाटायचं व्यायाम म्हणजे आखाड्यातल्या पोरांच्या बैठका, घाम, धापा. हिचं सगळं सावकाश. एक टाच जमिनीवरून घसरवत लांब न्यायची आणि तशीच परत आणायची, तेवढ्यात पोट फुगता कामा नये आणि कंबर जमिनीवरून सुटता कामा नये. मग एक पाय उचलायचा, मग दुसरा. मग वासरासारखं हातापायांवर उभं राहायचं आणि लोटा पाठीवर घ्यायचा. मग निजल्याजागेवरून पाठीचा एकेक मणी जमिनीवरून उचलत बसायचं, हात न लावता. ते तर मला उन्हाळा संपेपर्यंत जमलं नाही. "घाई कायले करतं? मागं वाघ लागला का?" ती म्हणायची. आणि सगळ्यात जास्त वेळा, "दम दाबून धरू नोको. दम दाबला का पोट परत झोपलं." मी दम धरून ठेवते आहे का ते कळावं म्हणून ती मला बोलायला लावी, घरातल्यांच्या चहाड्या सांगायला लावी. चहाड्यांना तोटा नव्हता.

ती स्वतः माझ्या शेजारी निजून तेच करायची. तिच्या पोटावर मात्र लोटा नसे. दोन्ही हात असत, एकावर एक. मला वाटायचं, जिला येतं तिला लोटा कशाला लागतो.

मग जातं. आयुष्यभर मी जातं दंडाने ओढत आले होते. तिने सांगितलं, खुंटा हातात धर पण ओढ पोटानं. मला समजेना, तेव्हा तिने माझ्या पोटावर हाताने ढोसलं. "इथून. हे उठव." आणि एके दिवशी ते उठलं. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. आतून काहीतरी कमरेला धरून आहे असं वाटलं, पट्टीसारखंच, पण माझं. नंतर शिंक आली तेव्हा आधी मी घाबरले, मग लक्षात आलं की काही झालं नाही. तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. मी मात्र त्या दिवशी गोठ्यात जाऊन बैलाच्या गळ्यात हात घातले.

कमरेचं दुखणं एकदम गेलं नाही. आधी सकाळचं गेलं, मग पाण्याच्या खेपेनंतरचं. पोराला कडेवर घेऊन उभं राहता येऊ लागलं. मान वर झाली तसा आवाजही वर झाला, असं हे म्हणाले. मी म्हटलं, अजून तुम्ही ऐकला कुठे आहे.

पण भीती गेली नव्हती. गोंदियाचे ते नातेवाईक आखाडीच्या, म्हणजे आषाढी पुनवेच्या, सुमाराला येऊन सासूशी बोलून गेले होते. रोवणा झाल्यावर पक्कं करू, असं ठरलं होतं. म्हणून रोवण्याच्या पहिल्या दिवशी, बांधीत जायच्या आधी, मी पेटीतून ती पट्टी काढली आणि लुगड्याखाली आवळून बांधली. माझी अक्कल! चैतापासून जे उठवलं ते एका गाठीत परत निजवलं. पण आमच्यात वाटायचंच तसं. बाई कमरेला जितकी आवळेल तितकी ती भक्कम.

सासू धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पानांचं इरलं डोक्यावर घेऊन उभी होती. ती रोवत नसे, बघत असे. सकाळभर मी ओळीत राहिले. दुपार व्हायच्या आत कमरेत तीच जुनी कळ आली आणि मी ओळीच्या मागे पडू लागले. धुऱ्यावर इरलं हललेलं मला दिसलं. 

जाऊ ओळ सोडून माझ्याकडे आली. रोवण्यात ओळ कुणी सोडत नाही. तिने भर बांधीत, सगळ्या बायांसमोर, सासूसमोर, माझ्या कमरेत हात घातला, गाठ सोडली आणि ती पट्टी ओढून बाहेर काढली. पायाने चिखलात दाबली. मग वाकून त्या जागी परे रोवले.

"आता लोटा पाठीवर हाये," ती म्हणाली. "सांडू नोको."

धुऱ्यावरून सासू ओरडली, "का करून राहिल्या दोघी?"

"रोवून राहिलो," जाऊ म्हणाली आणि आपल्या ओळीत गेली.

मी वाकले. दम सोडला. पोट आत घेतलं आणि एक रोप खोचलं. मग दुसरं. दम दाबायचा नाही म्हणून मी बोलत राहिले, काय बोलले देव जाणे, शेजारची बाई म्हणाली हिला वात झाला. कळ होती, पण ती आता पाठीत एकटी नव्हती, पोट तिच्यासोबत होतं. दिवस बुडाला तेव्हा मी ओळीतच होते. पुढे नाही, मागेही नाही. घरी जाताना जाऊ माझ्यापुढून चालली होती.

मग रोजच. पाऊस लागला, उघडला, परत लागला. शेवटच्या बांधीत बाया गाऊ लागल्या. आमच्या गावात शेवटची पेंडी सरली की बाया घरधनिणीला चिखल लावतात आणि तिच्याकडून गूळ मागतात. दरवर्षी हे काम शेजारणी करत, कारण सासूला चिखल लावायची आमची टाप नव्हती. त्या दिवशी मी ओंजळभर चिखल घेतला, ताठ चालत धुऱ्यावर गेले आणि सासूच्या दोन्ही गालांना नीट लावला. ती मला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मग तिथेच उभ्या असलेल्या ह्यांना म्हणाली, "गोंदियाले निरोप धाड. पोरगी नोको म्हनावं." आणि मला म्हणाली, "गूळ घरी हाये. आधी तोंड धू." जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी पायटी मी गुळाचा मोठा खडा घेऊन जावेच्या खोलीत गेले. रोवणा सरला होता, तरी ती जमिनीवर निजून तेच करत होती, पोटावर हात ठेवून. मी गूळ ठेवला आणि शेजारी आडवी झाले. आनंदात माणूस काहीही बोलतं. मी म्हटलं, "बाई, गावात तुमच्यासारखं रोवनारं कोनी नाई. एवढी कंबर असून तुमच्यावर सवत काऊन आनली?"

विचारलं आणि जीभ चावली. उत्तर तर घरभर हुंदडत होतं.

"कंबर होती ना माही," ती म्हणाली. "कूस नोती."

 ती पुढे बोलली, वर आढ्याकडे बघत. "हे सगळं मले एका म्हाताऱ्या सुईनीनं सांगतलं होतं. रोज पायटी कर म्हने, पोट आतून बळकट होते, मंग लेकरू राहते. मी करत गेली. घरात ती आली तरी करत होती. तिले पोरं झाली तरी करत होती. मले वाटे, अजून का बिघडलं."

"आन आता?"

"आता का? आता वय सरलं." तिचे हात होते तिथेच होते, पोटावर, एकावर एक. मी इतके दिवस शेजारी निजून ते हात बघितले होते.

 बाहेर सवतीचं धाकटं पोरगं "मोठी माय, मोठी माय" करत दार वाजवू लागलं. मी उठले. हात न टेकता, पाठीचा एकेक मणी उचलत उठले, आणि उभी राहिल्यावर, विचार न करता, माझा हात तिच्याकडे पुढे केला. केल्यावर वाटलं, आता लकव्याचं ऐकावं लागणार.

तिने माझ्या हाताकडे बघितलं. मग तो धरला, आणि आपला सगळा भार माझ्यावर टाकून उठली. माझी कंबर हलली नाही.